तीन दिवस बारगीर, तीन दिवस शिलेदार

गुरुवार

मंगळवार ते गुरुवार हे तीन दिवस कोलकात्याच्या सेक्टर फाइव्हमधल्या एका काचेच्या इमारतीत गेले. त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की एसी फार थंड होता आणि गुरुवारी साडेतीनला काम संपलं. कंपनीने परतीचं तिकीट शुक्रवार सकाळचं काढलं होतं, ते मी निघण्याआधीच रविवार रात्रीचं करून घेतलं. तिकिटाच्या फरकाचे पैसे माझे, गुरुवार रात्रीपासूनचं हॉटेल माझं, शुक्रवारची रजाही माझी. हे सगळं अकाउंट्सला आधीच मेलवर कळवून ठेवावं. गुरुवारच्या जेवणापर्यंतची बिलं एका पाकिटात, पुढची दुसऱ्या. नाहीतर महिन्याभराने कोणीतरी विचारतं, "मॅडम, हे संदेशचं बिल कसलं?"

त्या दिवशी जेवताना समोर तिथल्या अकाउंट्सच्या बाई बसल्या होत्या. रिटायरमेंटला आलेल्या, तांतची कडक इस्त्रीची साडी. मी मराठी आहे म्हटल्यावर त्यांनी घास हातातच धरला. "ओ माँ! बर्गी!" आणि सगळं टेबल हसलं. मीही हसले. कशाला हसतेय ते कळलं नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, "कॉलेज स्ट्रीटला जाणार आहात ना, तिथे कोणालाही विचारा."

सेक्टर फाइव्हहून एस्प्लनेडपर्यंत आता सरळ मेट्रो आहे, त्यामुळे बॅग घेऊन न्यू मार्केटजवळच्या हॉटेलवर जाणं अगदीच सोपं झालं. धक्का बसला तो वर आल्यावर. घड्याळात सव्वापाच आणि बाहेर रात्र. देशाच्या या टोकाला डिसेंबरात सूर्य पाचच्या आतच मावळतो हे भूगोलात शिकलेलं असतं, पण संध्याकाळी फिरायचा बेत अंधारात बुडाला की मग ते नीट समजतं. उलट सकाळी सव्वासहाला लख्ख उजाडतं. म्हणजे इथे हिंडायचं तर पहाटे उठा आणि पाचला आवरा. मी गजर साडेपाचचा लावला.

एक काम मात्र त्याच रात्री उरकलं. बॅगेत फक्त ऑफिसचे, टाचा वाजवणारे बूट होते. श्रीलेदर्समध्ये जाऊन साध्या चपला घेतल्या. कामाच्या प्रवासाला जोडून फिरणार असाल तर कपडे एकवेळ विसरा, पायातलं विसरू नका.

शुक्रवार

पिवळ्या अँबॅसडर टॅक्सीने मल्लिक घाट. या गाड्यांचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, त्यामुळे रस्त्यावर आहेत तोवर एकदा बसून घ्यावं. दार आपटून लावावं लागतं आणि ड्रायव्हर ते आपटल्याबद्दल रागावतो.

फुलांचा बाजार हावडा पुलाच्या कोलकात्याकडच्या टोकाला, पुलाच्या अगदी पायाशी आहे. इथे फुलं परडीत नसतात, माणसांच्या अंगावर असतात. झेंडूच्या जाडजूड माळा, पिवळ्यांचा एक जुडगा आणि केशरी एक, दोन्ही खांद्यांवर टाकून माणूस येतो तेव्हा त्याचा चेहरा दिसत नाही, नुसते पाय चालत येतात. कालीसाठी लाल जास्वंदीचे हार, महादेवाला धोतरा, निळ्या गोकर्णाच्या माळा. गोकर्णीला बंगालीत अपराजिता म्हणतात. खाली मात्र चिखल, देठ, केळीची पानं, आणि त्यावरून डोक्यावर पाटी घेऊन "शोरुन, शोरुन" ओरडत धावणारे हमाल. फोटो काढायला मी जरा थांबले आणि एक ओली पाटी माझ्या खांद्याला पुसून गेली. पुढचे दोन तास अंगाला निशिगंधाचा वास होता. तक्रार नाही.

मागे घाटावर काही पोरं आणि दोन पिकल्या मिशांचे आजोबा जोर-बैठका काढत होते. नदीवर धुकं. समोरचं हावडा स्टेशन दिसतच नव्हतं, फक्त गाड्यांच्या घोषणा पाण्यावरून येत होत्या.

पूल चालत ओलांडला. १९४३ मध्ये सुरू झालेला हा पूल नटबोल्ट न वापरता नुसत्या रिव्हेटांवर उभा केलाय, पोलाद सुमारे साडेसव्वीस हजार टन. एवढं लोखंड महायुद्धात टिकलं, पण पान-गुटख्याच्या थुंकीने त्याच्या खांबांचे पाय गंजायला लागले. शेवटी त्यांना फायबरग्लासचं आवरण घालावं लागलं. ते आवरणही लाल झालेलं मी पाहिलं.

परत येताना फेरी घेतली. तिकीट दहा रुपयांच्या आत. धुक्यामुळे बोट पाऊण तास उशिरा सुटली, आणि त्या पाऊण तासात मातीच्या भांड्यातले चार चहा झाले. भांड म्हणजे आपल्या पणतीपेक्षा थोडंसंच मोठं. दोन घोटांत चहा संपतो, मग भांड फेकायचं. मला फेकवेना, तेव्हा शेजारच्या बाईंनी हातातून घेऊन माझ्या वतीने फेकलं.

बोटीतून आहिरीटोला घाटाला उतरून चितपूर रोडने चालत जोडासाँको, म्हणजे ठाकुरांची हवेली. मधे कचोरी आणि सालीसकट बटाट्याची भाजी, पानाच्या द्रोणात. त्यांच्या कचोरीला आपण पुरी म्हणू, पण तसं म्हणायचं धाडस केलं नाही.

हवेलीत फोटो काढता येत नाहीत, चपला बाहेर. याच घरी १८६१ साली रवींद्रनाथ जन्मले आणि ७ ऑगस्ट १९४१ रोजी इथेच गेले. त्याच्या आठवडाभर आधी त्यांची शस्त्रक्रिया झाली तीही याच घराच्या व्हरांड्यात. मी मात्र तिथे वेगळ्याच माणसाचा विचार करत उभी होते. १८७८ साली, सतरा वर्षांचे रवींद्रनाथ विलायतेला जाण्याआधी मुंबईत डॉक्टर आत्माराम पांडुरंग तर्खडकरांकडे राहिले होते. प्रार्थना समाज स्थापणाऱ्यांतले हे डॉक्टर. त्यांची मुलगी अन्नपूर्णा विलायत पाहून आलेली, तिने या मुलाला इंग्रजी बोलचाल शिकवायची असं ठरलेलं. त्याने तिला नाव दिलं नलिनी. बंगाली माणसाशी बोलताना ही गोष्ट काढावी, चहा मिळतो. मला तिथल्या रखवालदाराकडून मिळाला.

सोमवारी हे घर, इंडियन म्युझियम, व्हिक्टोरिया मेमोरियलमधली दालनं असं बरंच काही बंद असतं. तुमचं काम शुक्रवारी संपत असेल आणि सोमवारी फिरायचा बेत असेल तर तो उलटा करा.

दुपारी कॉलेज स्ट्रीट. फुटपाथवर पुस्तकांच्या टपऱ्या मैलभर, त्यात गाईडं आणि प्रवेश परीक्षांची पुस्तकं जास्त, कविता कमी. ज्यांना वाटतं की इथे ढिगात दुर्मिळ पहिली आवृत्ती सापडेल त्यांनी अर्धा दिवस राखून यावं आणि रिकाम्या हाताने जायची तयारी ठेवावी. पॅरामाउंटमध्ये डाब शरबत प्यायले. १९१८ पासूनचं दुकान, संगमरवरी टेबलं, ग्लासाच्या तळाशी शहाळ्याची मलई. मग कॉफी हाऊस.

वर पंखे, खाली आवाज. जागा एकच होती, ती एका आजोबांच्या टेबलावर. अंगात पांढरा पंजाबी, म्हणजे तिथला कुर्ता, खांद्यावर शाल, समोर दूध न घातलेली कॉफी. तिला इथे इन्फ्यूजन म्हणतात आणि ती कडू नसते, जळकी असते. त्यांनी मान हलवून बसायला सांगितलं. दहा मिनिटांत मी कुठली हे विचारून झालं आणि मी संधी साधून बर्गीचं विचारलं.

ते हसले नाहीत. टेबलावर बोटाने ताल धरून त्यांनी हळू आवाजात एक अंगाईगीत म्हटलं आणि मग ओळ-ओळ हिंदीत समजावलं. बाळ झोपलं, आळी निजली, देशात बर्गी आले. बुलबुलांनी धान खाल्लं, आता सारा कशाने भरू? धान संपलं, पान संपलं. थोडे दिवस थांबा, लसूण पेरलाय.

"तुमच्याकडे पोरांना कोणाची भीती घालतात?" त्यांनी विचारलं.

"बागुलबुवाची."

"आमचा बागुलबुवा तुम्ही."

१७४१ पासून दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांचं घोडदळ बंगालमध्ये चौथाई वसूल करत होतं. आपल्या शाळेच्या पुस्तकात त्याला एक ओळ मिळते: रघुजी भोसल्यांनी बंगालवर स्वारी केली, ओडिशा मिळवला. भास्करराम कोल्हटकरांना बंगालच्या नवाबाने, अलिवर्दीखानाने, १७४४ मध्ये बोलणीसाठी बोलावून दग्याने मारलं, हेही आपल्याला माहीत असतं. त्या स्वाऱ्यांत जळालेली गावं आपल्या ओळीत नाहीत, ती या अंगाईत आहेत. मी थोडी ओशाळले. आजोबांना ते दिसलं असावं. म्हणाले, "घाबरू नका. त्याच मराठ्यांच्या राजावर आमच्या रवी ठाकुरांनी १९०४ साली कविता लिहिली. आणि १९०६ साली तुमचे टिळक इथे शिवाजी उत्सवाला आले होते. आम्ही भीती घालतो, कायमचा राग धरत नाही."

बर्गी म्हणजे आपला बारगीर हे मला तेव्हा उलगडलं. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळतं तो बारगीर. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार. म्हणजे मंगळवार ते गुरुवार, कंपनीचं तिकीट, कंपनीचं हॉटेल, कंपनीचा लॅपटॉप, मी शंभर टक्के बारगीर होते. अकाउंट्सच्या बाईंनी अगदी अचूक ओळखलं होतं. हे आजोबांना सांगितलं तर ते पहिल्यांदा मोठ्याने हसले. मग म्हणाले, "बागबाजारला मराठा डिच लेन आहे. तुमच्या भीतीने खणलेला खंदक. बघून जा." माझ्या कॉफीचे पैसे त्यांनीच दिले. हो-नाही करायला वावच ठेवला नाही.

ट्रामने एस्प्लनेडला आले. शहरात ट्रामचे एक-दोनच मार्ग उरलेत. लाकडी बाक, वरून लोंबणारी दोरी, आणि वेग असा की शेजारून चालणाऱ्या शाळकरी पोरांनी आम्हाला दोनदा मागे टाकलं.

शनिवार

सकाळी साउथ पार्क स्ट्रीटची जुनी दफनभूमी. सुट्टीत स्मशानात कसली जातेस, असं आईने फोनवर विचारलंच. पण १७६७ मध्ये सुरू झालेली ही जागा म्हणजे शेवाळ चढलेल्या पिरॅमिडांचं आणि घुमटांचं जंगल आहे. सगळ्यात उंच टोक सर विल्यम जोन्सचं, ज्यांनी १७८४ मध्ये एशियाटिक सोसायटी स्थापली. मला जास्त वेळ लागला तो पाट्या वाचायला. वय वीस, वय एकोणीस, वय तीन महिने. दोन पावसाळे काढले तर जगलात, असा तेव्हाच्या इंग्रजांचा हिशेब होता म्हणे. डास आजही तेच असावेत. ओडोमॉस लावून जा.

व्हिक्टोरियाबद्दल लिहीत नाही. पांढरं आहे, मोठं आहे, शनिवारी गर्दी आहे.

दुपारी मेट्रोने शोभाबाजार आणि तिथून कुमारटुली. दुर्गापूजा होऊन गेलेली, त्यामुळे कोणी गर्दी करत नाही, आणि म्हणूनच हा महिना मला बरा वाटला. गल्लीत दोन्ही बाजूंना बिनडोक्याच्या पेंढ्याच्या सरस्वती उभ्या, शेजारी पेंढ्याचेच हंस. एका कारखान्यात, कारखाना म्हणजे दहा बाय वीसची अंधारी खोली, एक कारागीर पेंढ्याचा हात बांधत होता. मी दारात उभी राहिले, त्याने हातातलं काम न थांबवता स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं.

बांबूच्या कामटीवर पेंढा धरायचा, त्यावर तागाची सुतळी एका हाताने गुंडाळायची, दुसऱ्या हाताने पेंढा दाबत न्यायचा. मनगटाशी सुतळीचे वेढे जवळजवळ, दंडाला लांब. कोपराशी त्याने पेंढा किंचित मुरगळला आणि तो भारा एकदम हात दिसायला लागला. वीणा धरलेला हात. बोटं मात्र यात नसतात, ती वेगळी मातीची करून नंतर जोडतात. माती दोन तऱ्हेची: आधी चिकट एंटेल माटी, तिला भेगा पडतात, मग त्यावर बारीक बेले माटी. वाळलेल्या भेगांवर ओल्या मातीत भिजवलेल्या फडक्याच्या पट्ट्या चिकटवतात. आपल्याकडच्या गणपतीच्या कारखान्यांत साचे पाहिलेले, इथे सगळं हाताच्या अंदाजावर. किती वर्षं करताय विचारलं तर म्हणाला, "बाबा मारायचे तेव्हापासून."

इथे फोटो काढताना विचारावं. काही ठिकाणी कॅमेऱ्याचे पैसे मागतात, ते द्यावेत. दिवसभर कोणीतरी आपल्या हातांचे फोटो काढत असेल तर आपणही मागितले असते.

हेदुआजवळच्या नकुडच्या दुकानात जलभरा संदेश. हिवाळ्यात खजुराच्या रसाचा नवा गूळ येतो, नोलेन गूर, आणि या संदेशाच्या पोटात तो पातळच असतो. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी पेढ्यासारखा अर्धा तोडला आणि गुळाची धार थेट कुर्त्यावर. दुकानातला मुलगा न बोलता पाण्याचा तांब्या घेऊन आला, म्हणजे हे रोजचंच असणार. अख्खा तोंडात टाकावा, किंवा वरून छोटा चावा घेऊन आतला गूळ आधी ओढून घ्यावा. धुराचा वास असलेली ती गोडी माझ्या तोंडात पार्क स्ट्रीटच्या नाताळच्या दिव्यांपर्यंत पुरली.

रात्री केवळ हौस म्हणून मेट्रोने हावड्याला जाऊन परत आले. हुगळीखालून जाताना बोगद्यात निळे दिवे लागतात, पाऊण मिनिटात नदी संपते. डब्यातला प्रत्येक जण मोबाइल वर करून निळा उजेड टिपत होता. एक बाळ तेवढं झोपलेलं.

रविवार

पहाटे टिरेटा बाजारात चिनी न्याहारी, पोद्दार कोर्टाच्या शेजारी. मी साडेसातला पोचले आणि अर्धं संपलं होतं. सहाला जा. फिश बॉलचं सूप आणि वाफाळलेला पाव मिळाला. चिनी विक्रेते आता थोडेच उरलेत. एक आजी स्टुलावर बसून सॉसेज मोजत होत्या, बाकी ठेले इतरांचे. सूप मात्र असं की डिसेंबरच्या सकाळी दुसरं काही नको.

तिथून मेट्रोने श्यामबाजार. पाच रस्त्यांच्या चौकात नेताजींचा घोड्यावरचा पुतळा. पुढे गॅलिफ स्ट्रीटचा रविवारचा बाजार: रोपटी, मासे, कबुतरं, कुत्र्याची पिल्लं. रोपट्यांपर्यंत छान वाटलं. एका वितीच्या पिंजऱ्यात पंधरा-वीस पाखरं कोंबलेली पाहिली आणि बाहेर पडले.

मराठा डिच लेन विचारत विचारत सापडली. खंदकाची गोष्ट अशी, की १७४२ मध्ये मराठे येणार या धास्तीने कलकत्त्याच्या देशी रहिवाशांनी आपल्या खर्चाने शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत तीनेक मैल झाला, मराठे काही कलकत्त्यात आले नाहीत, आणि काम थांबलं. १७९९ मध्ये बराचसा भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला. १७५६ मध्ये सिराजउद्दौला खरोखरच चालून आला तेव्हा खंदकाचा काही उपयोग झाला नाही.

गल्लीत बघण्यासारखं तसं काहीच नाही. दोन माणसं शेजारून जातील एवढी रुंदी, वर वाळत घातलेल्या चादरी, नळाखाली भांडी, एका दारात स्कूटर पुसणारा माणूस. निळी पाटी होती. मी तिचा फोटो काढत होते, तेव्हा ओट्यावर मटार सोलत बसलेल्या आजींनी विचारलं, काय शोधतेस गो. शेजारी पाच-सहा वर्षांचा नातू शेंगांतले दाणे टोपलीत कमी आणि तोंडात जास्त टाकत होता.

मी म्हटलं, हिंदीतच, की मी मराठी आहे, आमच्या भीतीने खणलेला खंदक बघायला आलेय.

आजींना दोन क्षण लागले. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि नातवाला कोपराने ढोसलं. "ए बाबू, देख. बर्गी एशेछे!"

बाबूने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. श्रीलेदर्सच्या चपला, गुळाचा डाग पडलेला कुर्ता, पाठीला सॅक. त्याची खात्री पटेना.

"घोडा कोथाय?"

"श्यामबाजारच्या चौकात," मी म्हटलं. "नेताजींना दिलाय बसायला."